एक ऊन कमी

शेंडेकाका काम चालू असेपर्यंत चहाला शिवत नसत. तंबाखू नाही, सुपारी नाही, पान तर नाहीच. बालाघाटच्या एका राइस मिलच्या गेटवर, हमाल-ड्रायव्हर-दलालांच्या गर्दीत तीस वर्षं उभा राहिलेला माणूस आणि त्याला कसलंही व्यसन नाही, असं सांगितलं तर लोक हसतात. पण तोंड रिकामं कधीच नसायचं. त्यात धानाचा दाणा असायचा.

ट्रॅक्टर गेटवर लागला की काका पोत्यात कोपरापर्यंत हात घालत. वरचं धान सगळ्यांचंच चांगलं असतं, म्हणून आतलं. मूठभर काढून दोन्ही तळहातांत चोळायचे, फुंकर मारून टरफल उडवायचे, पांढरा दाणा डावीकडच्या दाढेखाली ठेवायचे आणि डोळे मिटायचे. कट्. एवढाच आवाज. मग निकाल. चांगलं वाळलेलं असलं तर नुसतं "जाऊ द्या आत." ओलं असलं तर मात्र ते 'ओलं' हा शब्द वापरत नसत. कष्टकऱ्याच्या मालाला तोंडावर ओलं म्हणू नये, असं त्यांचं मत. ते म्हणायचे, "भाऊ, एक ऊन कमी आहे." म्हणजे परत ने, अजून एक दिवस उन्हात पसर, मग आण. कधी दोन उन्हं कमी असायची. एकदा एकाला त्यांनी अर्धं ऊन सांगितलं होतं. तो शेतकरी तिथेच मिलच्या अंगणात ताडपत्री टाकून दुपारपर्यंत बसला आणि त्याचं धान संध्याकाळी आत गेलं.

मी त्या मिलमध्ये गेले ती या दाताची नोकरी खायला. तसं कोणी म्हटलं नव्हतं, पण मला तसंच वाटत होतं आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं. मी बालाघाटचीच. बाबा कलेक्टोरेटमध्ये बाबू, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. बी.एस्सी. झाले, वर्षभर घरी बसून आईची बोलणी खाल्ली आणि मग मिलच्या सेठनं मला ओलावा मोजायच्या मशीनवर बसवलं. मशीन नवं, मी नवी, दोघांनाही आपल्या आकड्यांचा फार गर्व. पण मिलचा रिवाज असा की पहिला निकाल दाताचा. काकांना शंका आली तरच नमुना माझ्याकडे यायचा. आणि त्यांना शंका येतच नसे. पहिला आठवडा मी मशीन पुसत बसले होते, दुसरं काय करणार!

आठव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत काका स्वतःच आले. स्टुलावर पाहुण्यासारखे अंग चोरून बसले.

"मशीनबाई, एक विचारू का? ह्या डब्ब्याले कसं कळते वं?"

मी जरा ताठ्यातच सांगितलं, की दाण्यात पाणी असलं की वीज चांगली वाहते, जितकी वीज तितका ओलावा. त्यांनी मान हलवली, निघून गेले. मला वाटलं, डोक्यावरून गेलं. दोन दिवसांनी आले ते खिशात पुडी घेऊन. "हे लावून पाय." मी लावलं. मशीन म्हणालं, हे धान भिजलेलं आहे. काकांनी एक दाणा मला चावायला दिला. खडखडीत वाळलेला, आणि खारट! त्यांनी धान मिठाच्या पाण्यात बुडवून चार दिवस उन्हात ठेवल्यासारखं चुलीजवळ वाळवून आणलं होतं.

मी चिडले. इतकी चिडले की स्टूल सरकवून उभी राहिले. वाटलं, आता हा माणूस सगळ्या मिलभर सांगत फिरणार, मशीन फेल म्हणून. पण काका मशीनकडे बघत होते, आजारी वासराकडे बघावं तसे.

"त्याले मीठ कळत नाई, पोरी. पाणीच समजून राह्यलं ते. त्याच्यात त्याचा काही दोष नाई. त्याले जे भेटलं ते त्यानं सांगितलं."

ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही. मीही नाही. पण त्या दिवसापासून रोज सुट्टीत ते येत आणि काहीतरी विचारत. विजेचा दिवा लागायला वेळ का लागत नाही? मेलेल्या दाण्याला कोंब का येत नाही, त्यातलं नेमकं काय मेलं? मला निम्म्या गोष्टी यायच्या नाहीत. मी थापा मारल्या की त्यांना लगेच कळायचं. म्हणायचे, "माहीत नाई त नाई म्हण ना, त्याच्यात काय लाजाचं?" शाळा त्यांची खैरलांजीकडच्या गावात आठवीपर्यंत झाली होती. पुढे शिकले असते तर मास्तर झाले असते आणि पोरांचं जिणं हराम केलं असतं, असं सिंधूकाकू म्हणायच्या. सिंधूकाकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, तोंडानं फटकळ, आणि त्यांच्यावाचून काकांचं पान हलत नसे.

माझ्या तिसऱ्या हंगामात गोदामातलं धान तापलं.

ज्याला माहीत नाही त्याला सांगते. ओलं धान पोत्यांच्या थप्पीत गेलं की आतून गरम होतं. पोत्यात हात घातला की चटका बसावा इतकं. मग आंबूस वास येतो, तांदूळ पिवळा पडतो, आणि बारीक सुगंधी तांदळाच्या नावावर चालणाऱ्या मिलचं नाक जातं. सेठनं मला गुपचूप थप्पी तपासायला सांगितलं. मी पोत्यापोत्याला मशीन लावलं. सकाळी आत आलेला माल सगळा ठीक. दुपारनंतर आलेल्यात दर तिसरं-चौथं पोतं ओलं. आणि दुपारनंतर येणारे ट्रॅक्टर कुठले? खैरलांजीकडचे. लांबचे असल्यानं ते पहाटे निघून जेवणवेळ टळल्यावरच पोचत. म्हणजे काकांच्या मुलखातले, काकांच्या ओळखीपाळखीचे, 'राम राम भाऊराव' म्हणणारे.

मी सेठला जाऊन सांगितलं. नुसते आकडे सांगितले असते तर गोष्ट वेगळी. मी वर म्हटलं, "काका दुपारी आपल्या गावाकडच्यांचा माल डोळे झाकून आत सोडतात, असं दिसतंय." हे वाक्य मी उच्चारलं. माझ्या तोंडानं. आज इतक्या दिवसांनीही ते आठवलं की कानशिलं तापतात.

खरं म्हणजे मला तेव्हा आणखीही काही दिसत होतं. काका संध्याकाळी हनुवटीला हात लावून बसायला लागले होते, जबडा तळहातावर टेकवून. मला वाटायचं, म्हातारा विचारात पडलाय. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडून द्यायचे, आवाज नाकातून यायचा. मला वाटायचं, माझ्याशी बोलायचा कंटाळा आला. उजवी पापणी खाली आलेली असायची, आणि समोरच्याकडे नीट बघायचं तर ते बोटानं पापणी वर उचलून धरायचे. हमाल त्याला हसायचे. मीही हसले आहे. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी आपली आकडे बघत होते.

सेठनं त्यांना ऑफिसात बोलावलं. मी कोपऱ्यात रजिस्टर चाळल्याचं नाटक करत होते.

"शेंडेजी," सेठ म्हणाला, "तीस साल हो गए. मैंने कभी कुछ पूछा नहीं. ये दोपहर का माल क्या है? गाँव वालों का लिहाज कर रहे हो क्या?"

काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचं गाव, त्यांचं नाव, त्यांचा दात, एका वाक्यात तिन्ही गेलं. मला वाटलं आता विचारतील, कोणी सांगितलं? नाही विचारलं. म्हणाले, "दुपारचंच काहून?"

"क्या?"

"सकाळचं बरोबर आहे म्हणता. मंग दुपारचंच काहून चुकून राह्यलं? मी तोच, दात तोच." मग माझ्याकडे वळले. "मशीनबाई, मले एक काम करून देशील का?"

काम असं होतं. एकाच पोत्यातलं, एक ऊन कमी असलेलं धान घ्यायचं. काचेच्या बरण्यांत भरून घट्ट झाकण लावायचं, म्हणजे ओलावा आतल्या आत राहील. सोबत पूर्ण वाळलेल्या धानाच्याही तशाच बरण्या. कोणत्या बरणीत काय, ते फक्त मला माहीत. आणि मी त्यांना दाणे चावायला द्यायचे, सकाळी नऊला, बाराला, तीनला. मध्ये त्यांचं नेहमीचं काम चालूच.

नऊला त्यांनी सगळ्या बरण्या बरोबर ओळखल्या. बाराला एक चुकले. तीनला त्यांनी ओलं धान चावलं, जबडा दोनदा दाबला आणि म्हणाले, "कडक आहे. जाऊ द्या आत." सगळेच दाणे त्यांना कडक लागत होते. ओलाही, सुकाही.

मी सांगितलं. आणि काका? काका चक्क खूश झाले! पापणी बोटानं वर धरून बरण्यांकडे बघत राहिले.

"पाय बरं! दाणा कडक नाई झाला, पोरी. माझाच जोर गेला. जोर कमी, म्हणून दाणा कडक लागते. दिवसभर चावून चावून दुपारी मी थकतो आन् मले वाट्टे धान वाळलं." मग एकदम हळू झाले. "त्या मिठाच्या दाण्यासारखं झालं हे. मले जे भेटलं ते मी सांगितलं."

मी मोरीत जाऊन रडले. एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी मी सिंधूकाकूंना गाठलं. त्या म्हणाल्या, "मले काय सांगते? दोन महिन्यांपासून भाकर वरणात कुस्करून खाऊन राह्यले हे. सकाळी वाघासारखे, सांजेले लेकरासारखे. म्हटलं दात दुखत असन, त दात दाखवत नाई. दाताची भारी इज्जत ना यांची!" मुलगा हैदराबादला, काकूंना नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची धडकी. सेठनं गाडी दिली आणि मला सोबत पाठवलं. मी आनंदानं गेले असं म्हणणार नाही. देणं लागत होते म्हणून गेले.

नागपूरची डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मोकळी. तिनं काकांना छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटाभरात उजवी पापणी पडदा सोडावा तशी खाली आली. मग तिनं रबरी हातमोज्यात बर्फ भरून त्या पापणीवर ठेवला, दोन मिनिटं. काढला तर पापणी वर! काकांनी आरसा मागितला. "पुन्हा करा." तिनं हसत पुन्हा केलं. बाहेर पेशंटांची रांग आणि हे म्हणतात पुन्हा करा.

मग रक्त, छातीचा स्कॅन, नसांना बारीक झटके देऊन स्नायू किती लवकर दमतो ते बघणं. चार-पाच दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा नाव कळलं. मायस्थेनिया ग्रेव्हिस. काकूंनी ते नाव ऐकून पदर तोंडाला लावला. काका पुढे सरकून बसले.

डॉक्टरीण म्हणाली, "मेंदूचा निरोप नसेतून येतो आणि स्नायूच्या दारात उतरतो. तुमच्या शरीरातलेच शिपाई ती दारं अडवून बसलेत. थोडी दारं उघडी आहेत, म्हणून सकाळी काम होतं. वापर वाढला की पुरत नाहीत."

"शिपाई आपलेच?"

"आपलेच."

"मंग त्यांले कोणी सांगितलं अडवाले?"

"ते आम्हालाही नीट माहीत नाही."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, याला म्हणतात डॉक्टर.

गोळीचं तिनं असं सांगितलं, की दारात आलेला निरोप पुसून टाकणारा एक गडी शरीरात असतो. गोळी त्याचा हात धरून ठेवते. निरोप दारात जरा जास्त वेळ थांबतो आणि त्याला उघडं दार सापडतं. काकांनी हे दोनदा म्हणून घेतलं.

"म्हणजे शिपाई हटत नाई?"

"या गोळीनं नाही. त्यांच्यासाठी पुढे दुसरी औषधं बघू. हा आजार सांभाळत जगायचा आहे, काका. जन्मभर."

"आन् एका गोळीवर किती वेळ?"

"तीन-चार तास."

काकूंना वाटलं नवरा आता खचणार. काका बोटांवर मोजत होते. तीन-चार तासांत किती ट्रॅक्टर होतात, ते.

उद्यापासून सुरू करा, दिवसातून तीन गोळ्या, पोटात काहीतरी घालून, असं तिनं लिहून दिलं. पहिली गोळी सकाळी घ्यायला हवी होती. काकांनी घेतली नाही. सकाळी मी बरा असतो, मग गोळीनं काय केलं ते मला कळणार कसं, हे त्यांचं म्हणणं. काकूंनी आकांत केला. शेवटी दुपारी तीन वाजता, मिलच्या गेटवर, दोन केळी खाऊन त्यांनी पहिली गोळी घेतली. तोवर अख्ख्या मिलला कळलं होतं. हमाल जमले. खैरलांजीकडचे दोन ट्रॅक्टर रांगेत होते, त्यांचे लोक पोत्यांवर बसले. त्यांचं नाव माझ्यामुळे खराब झालं होतं आणि त्यांना ते माहीतही होतं, फक्त माझ्यामुळे हे माहीत नव्हतं. सेठसुद्धा ऑफिसच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

दर दहा मिनिटांनी मी बरणीतून दाणा द्यायचा. कोणत्या बरणीतला ते सांगायचं नाही.

पहिल्या दहा मिनिटांत काही नाही. "कडक." ते होतं ओलं. वीस मिनिटांनी पुन्हा "कडक." चूक. कोणीतरी मागून म्हणालं, "गोली नकली है क्या?" काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो ट्रॅक्टरमागे गेला. अर्ध्या तासाला काका चावता चावता थांबले, जबड्यावर हात फिरवला. मला तर घड्याळाकडे बघवेना. मनात म्हणत होते, देवा, एवढं एक होऊ दे, मग मी सगळं कबूल करते.

चाळीस मिनिटं होऊन गेली असतील. मी पुढचा दाणा दिला. काकांनी तो दाढेखाली ठेवला, डोळे मिटले. नेहमीचा तो आवाज आलाच नाही. दाणा चप्प दबला, दाढेखाली चपटा झाला. त्यांनी डोळे उघडले. दोन्ही. उजवी पापणी बोट न लावता वर होती.

"एक ऊन कमी," ते म्हणाले. आवाज नाकातला नव्हता, छातीतला होता.

मी बरणी फिरवून चिठ्ठी दाखवली. मग दुसरा दाणा, कट्, "जाऊ द्या आत." मग तिसरा. सगळे बरोबर! हमालांनी आरडाओरडा केला. काका पोत्यांवर बसलेल्या आपल्या गाववाल्यांकडे गेले आणि हात जोडले. "भाऊ, तुमच्या धानाले बोल लागला, तो माझ्या जबड्याचा होता. तुमचा नाई." सेठ पायरी उतरून आला. "शेंडेजी, गलती मेरी थी. पूछने का तरीका गलत था." काका काहीतरी उत्तर देणार होते, पण तेवढ्यात त्यांनी पोट धरलं. गोळीला पोटही एक स्नायूच, तिथेही निरोप जोरात पोचला होता. तीस वर्षांत काकांना कोणी धावताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. परत आले तेव्हा घामाघूम, पण तोंडावर तेच कुतूहल. "तिथंबी लागू पडली वं, मशीनबाई!"

मी कबूल करायचं होतं ते केलं नाही. इतक्या आनंदात कशाला, असं मनाला सांगितलं. भ्याले होते, दुसरं काही नाही.

पुढे काही दिवस सगळं घड्याळावर चाललं. मनगटावरचं घड्याळ बघून गोळी, सकाळ, दुपार, संध्याकाळ. मग हंगाम भरात आला. ट्रॅक्टरांची रांग पाच वाजले तरी संपेना. आणि एका संध्याकाळी काकूंचा फोन आला, त्यांना बोलता येत नव्हतं नीट. जेवताना काकांच्या घशात भात अडकला, पाणी प्यायला गेले तर नाकातून बाहेर आलं, डोळे पांढरे झाले. शेजाऱ्यांनी पाठीत थापट्या मारून, पुढे वाकवून कसंबसं निभावलं. मी पोचले तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते, मान हातानं धरून. डॉक्टरणीला फोन लावला. तिनं विचारलं, संध्याकाळची गोळी कधी घेतली? काकांनी चार बोटं दाखवली. काकूंनी पाकीट मोजलं. गोळी घेतली होती, चार वाजता. रांग संपेपर्यंत दात चालावा म्हणून. आणि हे एक दिवस नाही, सहा दिवस चाललं होतं.

डॉक्टरीण फोनवर जे बोलली ते मी इथे सांगत नाही. पण काकू दुसऱ्या दिवशी सकाळी मिलमध्ये आल्या, हातात ते गोळ्यांचं पाकीट, आणि गेटवर उभ्या राहून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाहा हा माणूस! धान चावाले गोळी घेते आन् भात चावाले नाई!"

सगळे हसले. काकूही हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. काका खाली मान घालून उभे. बराच वेळ त्यांच्या लक्षातच आलं नसावं की हे विचित्र आहे. तीस वर्षं त्यांचा जबडा लोकांच्या धानासाठी होता; स्वतःच्या ताटासाठीही तो लागतो, हा हिशेबच त्यांच्या डोक्यात कधी नव्हता.

त्याच दुपारी ते सेठला म्हणाले, "एक वाजला का माझा दात बंद. मंग मशीनबाई पाहीन."

"लोग दाँत को मानते हैं, शेंडेजी. मशीन को कौन मानेगा?"

तर काका रोज एक वाजता खुर्ची घेऊन माझ्या मशीनशेजारी बसायला लागले. कोणी शेतकरी कुरकुर करायला लागला की पापणी वर उचलून त्याच्याकडे बघायचे आणि मशीनवर हात ठेवून म्हणायचे, "भाऊ, हा माझा दुपारचा दात आहे." ऐकायचे लोक! माझ्या पदवीनं तीन वर्षांत जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. आणि बसल्या बसल्या त्यांनी मला चावायला शिकवलं. मी आधी नाक मुरडलं, कुठल्या कुठल्या पोत्यातलं, न धुतलेलं! "मशीनले मीठ लावून फसवता येते," ते म्हणाले. "तुले दोन्ही यावं." कोणती दाढ, किती जोर, आवाजाआधी दाढेला काय कळतं, सगळं. मी चुकले की खूश व्हायचे. काहून चुकली ते सांग, म्हणायचे.

पुढच्या हंगामाअखेर डॉक्टरणीनं दुसरी औषधं वाढवली, त्या अडून बसलेल्या शिपायांसाठी. चेहरा सुजला, हात थरथरायचे. आणि तिनं बजावलं की आता धुळीत, गर्दीत राहायचं नाही, खोकलासुद्धा महागात पडेल. राइस मिलमध्ये धूळ नाही तर काय असतं? काकांनी काम सोडलं. गावाकडे भावाचं घर होतं, तिकडे जायचं ठरलं.

निघायच्या दिवशी मी बस स्टँडवर गेले. दुपारचे अडीच-तीन. खैरलांजीची बस लागलेली होती. काकू आत जागा धरून बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत गोळ्या. काका खाली उभे. सवयीनं मी मिलमधून निघताना एका पोत्यातलं मूठभर धान माझ्या पिशवीत टाकून आणलं होतं. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"काका," मी म्हटलं, "सेठला तुमच्याबद्दल ते... दुपारच्या मालाचं... मी सांगितलं होतं. मीच म्हटलं होतं की तुम्ही गाववाल्यांचा माल सोडता."

"हौ," काका म्हणाले.

"माहीत होतं?"

"ऑफिसात तू रजिस्टर उलटं धरून बसली होती. तेव्हाच कळलं." ते हसले, पण चेहऱ्याचा अर्धाच भाग हसला, उरलेला दमला होता. "बरं केलं, पोरी. तू बोलली नसती त मी अजून दुपारचा फसवा दात घेऊन गेटवर उभा असतो. नाई त कोण्या दिवशी घास अडकून मेलो असतो. तुले जे दिसलं ते तू सांगितलं."

"पण मी खोटं समजले."

"मशीनबी मिठाले पाणी समजलं होतं. त्याले मी मारलं का?"

मी पिशवी पुढे केली. काकांनी सवयीनं आत हात घातला, धान चोळलं, फुंकर मारली, दाणा दाढेकडे नेला आणि थांबले. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. गोळी घेऊन तीन तास होऊन गेले असावेत. दाणा तोंडात न घालता त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

कंडक्टरनं शिटी मारली. काका चढले, खिडकीशी बसले. बस वळायला लागली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, एका बोटानं पापणी वर उचलून धरली आणि दुसऱ्या हातानं खूण केली. किती?

मी दाणा दाढेखाली ठेवला. डोळे मिटले. स्टँडवर एवढा गोंगाट, पण दाढेला बरोबर कळलं.

"एक ऊन कमी!" मी ओरडले.

काकांनी एक बोट वर केलं. बस निघून गेली. मिलमध्ये परत आल्यावर उरलेलं धान मी त्याच पोत्यात ओतलं आणि पोतं अंगणात उन्हात पसरायला सांगितलं. मशीन लावून पाहिलं नाही.